इंजेक्शन दिल्यावर ताप उलट वाढला : मेलेला जंतू शरीराला एवढा का हलवतो?

मोसंबी_अंबड

रामराम मंडळी. मागच्या आठवड्यात घरात जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

दादांनी (माझे वडील, वय ६९) चार दिवस लघवीची जळजळ अंगावर काढली. कापूस वेचणीला आलेला, मोसंबीच्या आंबे बहाराला ताण द्यायचे दिवस, त्यामुळे "होईल बरं" म्हणत राहिले. पाचव्या दिवशी ताप १०२ आणि बोलणं असंबद्ध. मला माझ्या चुलत्याच्या नावानं हाक मारायले. तसंच गाडीत घालून संभाजीनगरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. लघवीत पू-पेशी भरपूर, नंतर कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू निघाला.

संध्याकाळी सातला शिरेतून पहिलं इंजेक्शन दिलं. साडेआठला दादांना जी हुडहुडी भरली, तशी मी आयुष्यात पाहिली नाही. दात वाजत होते ते सोडा, पलंग हलत होता. पलंगाशेजारच्या लोखंडी कपाटावर तांब्या आणि त्यावर पालथा घातलेला पेला होता, तो पेला सारखा कडकड वाजत होता. आईनं घरून आणलेल्या दोन वाकळा अंगावर टाकल्या आणि वरून पाय धरून बसली. तापमापीत १०४.

थोरला भाऊ म्हणला, "औषध उलटलं. इथून हलवा." त्यानं दुसऱ्या दवाखान्याला फोनही लावला. तेवढ्यात रात्रपाळीच्या डॉक्टर आल्या, सत्तावीस-अठ्ठावीसच्या असतील. त्यांनी दादांचं पोट, पाठ, दंड उघडून पाहिले, छातीला नळी लावली, बीपी घेतलं आणि म्हणाल्या, "काका, पुरळ नाही, छातीत घरघर नाही, हे ॲलर्जीसारखं दिसत नाही. औषधानं जंतू फुटायलेत. फुटले की त्यांच्या कवचाचे तुकडे रक्तात येतात आणि शरीर त्या तुकड्यांवर तुटून पडतं. औषध बंद करायचं नाही." मग सलाईनचा वेग वाढवला आणि रात्री दोनपर्यंत दर पंधरा मिनिटाला बीपी बघत राहिल्या. पहाटे ताप १०० वर आला. दादांनी डोळे उघडून पहिल्यांदा माझं नाव बरोबर घेतलं.

आता दादा सुधारलेत. पण मला हे नीट समजून घ्यायचंय. जंतू मेला म्हणजे संपला ना? मग मेलेल्याच्या कवचाला शरीर एवढं घाबरतं कशाला? त्या कवचात आहे तरी काय? इथं जाणकार मंडळी आहेत, सविस्तर सांगावं ही विनंती.

वाटसरू_बीड

वडिलांना लवकर बरं वाटो. आमच्या आत्याच्या वेळी असंच झालं होतं आणि आम्ही खरंच हलवलं होतं. रस्त्यातच दोन तास गेले. त्या डॉक्टरताईंचं कौतुक. वाचत राहीन.

सूक्ष्मदर्शी

मोसंबीभाऊ, वडील बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. मी ३१ वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आता परभणीला निवृत्त आहे. जरा लांबलचक लिहितो, घाई करू नका.

आधी एक गोष्ट. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती थंडी नक्की कवचाच्या तुकड्यांचीच, की मुळातल्या जंतुसंसर्गाचीच पुढची लाट, हे इथं बसून कुणीच सांगू शकणार नाही. दोन्ही मिळूनही असतं. त्या डॉक्टरांनी ॲलर्जीची लक्षणं नाहीत हे आधी तपासलं, त्याला खरं मोल आहे. आता तुमच्या प्रश्नाकडे.

हा प्रश्न जुना आहे. १८९२ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रिशार्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होते. त्यांनी जंतू उष्णतेनं मारले आणि ते मेलेले जंतू गिनीपिगला टोचले. तरी गिनीपिग मेले. म्हणजे जिवंत जंतू बाहेर सोडतो ते विष वेगळं, आणि जंतूच्या अंगातच असलेलं, तो मेल्यावर मोकळं होणारं काहीतरी वेगळं. त्याला त्यांनी एंडोटॉक्सिन म्हटलं, आतलं विष.

आता कवच कसं असतं ते बघू. जंतूची भिंत म्हणजे तुमच्या घरची बाज समजा. बाजेला सुंभ एका दिशेनं ताणतात आणि दुसऱ्या दिशेनं आडवी वीण घालतात. जंतूच्या भिंतीत दोन प्रकारच्या शर्करांच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांना अमिनो आम्लांच्या छोट्या दोऱ्यांनी आडव्या गाठी मारलेल्या असतात. या विणीला पेप्टिडोग्लायकन म्हणतात. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं या आडव्या गाठी मारूच देत नाहीत. जंतू वाढत असतो, आतून दाब असतो, गाठी नाहीत; मग बाज फाटावी तसा तो फाटतो.

१८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी जंतू रंगवायची पद्धत काढली. काही जंतू जांभळे राहतात, काही रंग सोडून देतात आणि दुसऱ्या रंगानं गुलाबी होतात. फरक भिंतीचाच. जांभळ्यांची, म्हणजे ग्राम-पॉझिटिव्हची वीण जाडजूड, थरावर थर. गुलाबी, म्हणजे ग्राम-निगेटिव्हची वीण पातळ, पण तिच्यावर आणखी एक बाहेरचं पांघरूण. ई. कोलाय हा गुलाबी. त्या पांघरुणाच्या बाहेरच्या बाजूला लायपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू दाटीनं खोचलेले असतात. एलपीएस म्हणू. एका ई. कोलायच्या अंगावर सुमारे दहा लाख. फायफर यांचं एंडोटॉक्सिन ते हेच. आणि त्यातलाही शरीराला जाणवणारा भाग म्हणजे पांघरुणात रुतलेलं त्याचं स्निग्ध बूड, लिपिड-ए. बुडाला सहसा सहा स्निग्ध शेपट्या असतात. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जिवंत, धड जंतूत हे बूड आत रुतलेलं असतं. जंतू फाटला की ढपले निघतात आणि रक्तात मोकळे होतात.

दुसरा भाग संध्याकाळी लिहितो. नातवंडं शाळेतून यायची वेळ झाली.

एमएस्सी_नांदेड

सर, बाजेचं उदाहरण मी आता वहीत उतरवून घेतलं. आमच्या पुस्तकात हेच दोन पानं आहे आणि दोनदा वाचूनही असं डोळ्यासमोर आलं नव्हतं. दुसऱ्या भागाची वाट बघतेय.

सूक्ष्मदर्शी

तर पुढे.

रक्तात एलबीपी नावाचं प्रथिन फिरत असतं. ते मोकळं एलपीएस उचलतं आणि मॅक्रोफेज, मोनोसाइट अशा भक्षक पेशींच्या अंगावरच्या सीडी-१४ या प्रथिनाकडे देतं. सीडी-१४ पुढे एमडी-२ नावाच्या खोबणीत ते बसवतं. सहा शेपट्यांपैकी पाच खोबणीत जातात, सहावी बाहेर डोकावते. त्या बाहेर राहिलेल्या शेपटीमुळेच दोन टीएलआर-४ (टोल-लाइक रिसेप्टर-४, पेशीच्या अंगावरची खूण ओळखणारी प्रथिनं) एकमेकांना चिकटतात. बाहेर दोन जोडले गेले की त्यांच्या आतल्या टोकाला, पेशीच्या पोटात, निरोप सुरू होतो.

निरोपाची साखळी मोठी आहे, नावं थोडक्यात सांगतो : मायडी-८८, मग आयआरएके, मग ट्राफ-६. शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन, जे एरवी दुसऱ्या एका प्रथिनानं बांधून ठेवलेलं असतं, ते सुटतं आणि केंद्रकात शिरतं. तिथं ते कितीतरी जनुकं चालू करतं. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ असे निरोपे तयार होऊन रक्तात जातात.

त्यापुढचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. हे निरोपे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात, तिथं प्रोस्टाग्लँडिन-ई-२ नावाचं रसायन तयार होतं, आणि शरीराचं तापमान जिथं राखायचं तो आकडाच वर सरकतो. आकडा १०४ वर गेला आणि अंग अजून १०१ आहे, म्हणजे शरीराच्या हिशेबानं थंडी पडलीय. म्हणून स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. तो वाजणारा पेला यामुळे वाजत होता. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करून तो आकडा खाली आणतं. यकृताला इंटरल्यूकिन-६ चा निरोप गेला की सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन वाढतं, रिपोर्टमध्ये तुम्ही बघितलं असेल. आणि रक्तवाहिन्या सैलावतात, झिरपायला लागतात, म्हणून बीपी पडतं. म्हणूनच त्या डॉक्टर दर पंधरा मिनिटाला बीपी बघत होत्या.

वेळेचंही सांगतो. निरोगी स्वयंसेवकांना शुद्ध एलपीएस टोचून याचा अभ्यास झालेला आहे. किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ते जास्तीत जास्त २८० नॅनोग्रॅम होतं. मिठाच्या एका कणाचे शंभरावर भाग करा, त्यातला एक भाग. एवढ्यानं तास-दीड तासात थंडी वाजते, डोकं ठणकतं, पुढे ताप चढतो. जिवंत जंतू एकही नसताना.

आता माझं म्हणणं, जे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो. विष हा शब्दच इथं दिशाभूल करतो. घटसर्पाच्या जंतूचं विष पेशीत शिरून प्रथिनं बनवायचं काम बंद पाडतं, ते खरं विष. रक्तातलं एलपीएस तसं काही मोडत-तोडत नाही. ती नुसती खूण आहे. माळ्यावर बसलेल्या राखण्याला रानडुक्कर दिसायची गरज नसते. बांधावर खूर उमटलेलं दिसलं, की तो डबा बडवतो आणि सगळं शिवार जागं होतं. खूर पिकाला काही करत नाही. तुमच्या वडिलांना ताप जंतूनं दिला नाही, त्यांच्या स्वतःच्या पेशींनी दिला.

मोसंबी_अंबड

सर, हे वाचून दादांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग राखण्यानं डबा वाजवला तर वाजवला, पण एवढा?" हा प्रश्न मलाही आहे. जर जंतू मरतच होते तर शरीरानं गप्प बसायचं ना? हा डबा काढूनच टाकला तर?

सूक्ष्मदर्शी

वडिलांचा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचं उत्तर उंदरांनी दिलंय.

सी-३-एच/एचईजे नावाचे प्रयोगशाळेतले उंदीर आहेत. त्यांना एलपीएस कितीही द्या, ताप नाही, मरण नाही. पण त्याच उंदरांना जिवंत साल्मोनेलाचे थोडे जंतू दिले की ते मरतात, जेव्हा साधे उंदीर तगतात. कितीतरी वर्षं याचं कारण कळत नव्हतं. १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं ते जनुक शोधलं : टीएलआर-४. त्यात ७१२ व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९९६ साली, फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटानं दाखवलं होतं की फळमाशीत टोल नावाचं जनुक बिघडलं की माशीला बुरशी खाऊन टाकते. १९९७ ला मेझितोव्ह आणि जेनवे यांनी माणसातला टोल दाखवला. जेनवे यांनी तर १९८९ मध्येच मांडलं होतं की जंतूंच्या अंगावरच्या न बदलणाऱ्या खुणा ओळखणारी काहीतरी व्यवस्था असलीच पाहिजे. २०११ चं नोबेल बॉयटलर आणि हॉफमन यांना या कामासाठी मिळालं, त्याच वर्षी स्टाइनमन यांनाही डेंड्रिटिक पेशींसाठी. जेनवे तोवर वारले होते. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तर डबा काढला तर डुकरं पीक खाऊन जातात. उलट, माणसात डबा दाबायचा प्रयत्नही झाला. एरिटोरान नावाचं औषध टीएलआर-४ लगतची ती एमडी-२ खोबण अडवतं. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गानं सगळं शरीर कोलमडतं त्या आजाराच्या) जवळपास दोन हजार रुग्णांवर त्याची चाचणी झाली, २०१३ ला निकाल आला. मृत्यू कमी झाले नाहीत. रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत डबा वाजून गेलेला असतो, शिवार जागं होऊन पळापळ सुरू झालेली असते. तेव्हा राखण्याचा हात धरून काय होणार?

वॉर्ड_नंबर_चार

सर, मी लातूरची, बावीस वर्षं नर्सिंगमध्ये. माझ्या कामाचं सांगते.

सलाईन लावल्यावर अर्ध्या-एक तासात कडाडून थंडी, हा प्रकार आम्ही पूर्वी पुष्कळ पाहिला. मी नवीन होते तेव्हा एका छोट्या दवाखान्यात एकाच दिवशी तीन पेशंटला झालं. तिघांनाही एकाच खोक्यातल्या बाटल्या लावल्या होत्या. तिथल्या मोठ्या सिस्टरनी काय केलं ते माझ्या डोळ्यासमोर आहे : चिमटा लावून धार बंद, सेट काढला, पण बाटली आणि सेट फेकले नाहीत, पिशवीत घालून वर वेळ लिहिली आणि बॅच नंबर रजिस्टरला उतरवला. उरलेल्या बाटल्या कपाटात कुलूपबंद. मी आजही नव्या मुलींना हेच शिकवते.

माझा प्रश्न असा. बाटल्या तर निर्जंतुक असतात, वाफेच्या दाबात तापवलेल्या. मग हे कसं व्हायचं?

सूक्ष्मदर्शी

सिस्टर, निर्जंतुक म्हणजे जिवंत जंतू नाहीत, एवढंच. भिंतीचे तुकडे असू शकतात. १२१ अंशाच्या ऑटोक्लेव्हनं जंतू मरतो, एलपीएस टिकून राहतं. काचेची भांडी त्यापासून मोकळी करायची तर कोरड्या भट्टीत २५० अंशाला अर्धा तास ठेवतात.

हे कोडं १९२० च्या दशकात फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधक बाईंनी सोडवलं. ऊर्ध्वपातित पाण्याची इंजेक्शनं दिली तरी ताप यायचा. त्यांनी शोधलं की पाणी उकळताना वाफेबरोबर बारीक थेंब उडून पलीकडे जातात आणि त्यात जंतूंचे अवशेष असतात. त्यांनी ते थेंब अडवणारं उपकरण बनवलं. पुढे बाटल्यांची तपासणी सशांवर व्हायची : सशाला टोचा, ताप येतो का बघा.

आता त्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचा समुद्री खेकडा वापरतात. त्याचं रक्त निळं असतं. फ्रेडरिक बँग यांनी १९५६ साली पाहिलं की ग्राम-निगेटिव्ह जंतूनं त्याचं रक्त गोठतं. जॅक लेव्हिन यांच्याबरोबर त्यांनी त्यातून चाचणी बनवली. खेकड्याच्या रक्तपेशींचा अर्क घ्या, त्यात सलाईनचा थेंब टाका, गोठलं तर एंडोटॉक्सिन आहे. आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही त्याचे भाऊबंद आहेत. शिरेतून देतात त्या द्रावणाला एंडोटॉक्सिनची मर्यादा ठरवून दिलेली असते.

तुमच्या मोठ्या सिस्टरांनी बॅच नंबर उतरवला, ती त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट होती.

वॉर्ड_नंबर_चार

धन्यवाद सर. आणि सगळ्यांना हात जोडून सांगणं : अशक्तपणा वाटला की "एक ताकदीची बाटली लावा" म्हणून डॉक्टरच्या मागं लागू नका. तोंडानं पाणी, पेज, ताक जात असेल तर शिरेत सुई कशाला घालून घ्यायची?

रेचा_मानवत

मी इथं फारसा लिहीत नाही. पण हे वाचून राहवलं नाही.

चौदा वर्षं जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) हिशेबाला आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की नवी माणसं येतात. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालणाऱ्या बहुतेक बाया. पहिल्या आठवड्यात त्यातल्या काहींना संध्याकाळी कणकण, अंग मोडून येणं, छाती आवळल्यासारखी. मुकादम म्हणतो, रुई लागली, आठ दिवसात सवय होईल. आणि खरंच होते. पण आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टी असते, अन् दुसऱ्या दिवशी कामावर आलं की परत तेच. मला वाटायचं सुट्टीत आराम केल्यानं आळस भरतो. माझ्या बायकोच्या मावशीनं सोळा हंगाम काढले, आता तिला जिना चढवत नाही.

कापसात जंतू कुठून आले?

सूक्ष्मदर्शी

तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हे तर मोसंबीभाऊंच्या वडिलांचंच दुखणं, शिरेऐवजी श्वासातून.

कापसाच्या झाडावर, विशेषतः बोंडाखालच्या हिरव्या पात्यांवर ग्राम-निगेटिव्ह जंतू राहतात. झाड वाळलं तरी त्यांचे अवशेष राहतात. परतीच्या पावसात भिजलेल्या बोंडांवर त्यांना वाढायला आणखी वाव मिळतो. वेचताना ही पत्ती आणि काडीकचरा कापसाबरोबर येतो, रेच्यावर त्याची भुकटी होते आणि हवेत उडते. धुळीबरोबर एलपीएस फुप्फुसात जातं. तिथंही मॅक्रोफेज बसलेलेच आहेत, तोच टीएलआर-४, तीच साखळी. १९८७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या कापसाची धूळ माणसांना हुंगायला देऊन श्वासाची ताकद मोजली. ती धुळीच्या वजनाप्रमाणे घटत नव्हती, धुळीतल्या एंडोटॉक्सिनप्रमाणे घटत होती.

तुमचा सुट्टीनंतरचा दिवस जगभर प्रसिद्ध आहे. कापडगिरण्यांमध्ये रविवारची सुट्टी असायची म्हणून त्याला सोमवारचा ताप म्हणत. रोज रोज एलपीएस मिळालं की पेशी त्याला दाद देणं कमी करतात, हे प्रयोगशाळेतही दिसतं. एक दिवस खंड पडला की पेशी पुन्हा जाग्या होतात. तो आळस नव्हता.

आणि सवय झाली म्हणजे फुप्फुस पक्कं झालं असं मुकादमाला वाटत असेल तर ते चूक आहे. ताप येत नाही, पण सूज आतल्या आत चालू राहते, आणि वर्षानुवर्षांनी श्वासनलिका अरुंद होतात. याला बिसिनोसिस म्हणतात. कामगार भरपाईच्या कायद्यात तो व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. मावशींना छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि "सोळा हंगाम रेच्यावर काम केलं" हे पहिल्या वाक्यात सांगा. नाहीतर दमा म्हणून पंप देऊन परत पाठवतील आणि कामाचं कुणी विचारणार नाही.

देवणी

सरांना दुजोरा. मी उदगीरकडे जनावरांचा डॉक्टर आहे. दगडी (कासेची सूज) झालेल्या संकरित गाईंत हेच दिसतं. ई. कोलायनं कास सुजली तर सकाळी धार चांगली, संध्याकाळी गाय मान टाकून, कान गार, कासेतून पाण्यासारखा द्रव. कित्येकदा त्या दुधात जंतू शोधायला गेलं तर हाती लागत नाहीत, गाईच्या पांढऱ्या पेशींनी खाऊन टाकलेले असतात. तरी गाय उभी राहत नाही. मालक म्हणतो, जंतू नाही तर औषध कशाला? अशा वेळी सूज कमी करणारं औषध, शिरेतून द्रव आणि वारंवार धार काढून कास रिकामी करणं यालाच महत्त्व. स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूची दगडी वेगळी, ती महिनोन्महिने कुरकुरत राहते.

एमएस्सी_नांदेड

दोन प्रश्न आहेत. स्टॅफिलोकोकस ग्राम-पॉझिटिव्ह, त्याला एलपीएसच नाही. मग तो शरीराला कसा कळतो? आणि आपल्या आतड्यात एवढे ग्राम-निगेटिव्ह जंतू असताना रोज ताप का येत नाही?

सूक्ष्मदर्शी

पहिल्याचं थोडक्यात. राखण्याला एकच खूर ओळखता येतं असं नाही. ग्राम-पॉझिटिव्हची लायपोप्रथिनं टीएलआर-२ ओळखतो. पेप्टिडोग्लायकनच्या विणीचा अगदी लहान तुकडा, म्युरामिल डायपेप्टाइड, पेशीच्या आत असलेला नॉड-२ ओळखतो. जुन्या काळी लस जोरदार करायला मेलेले क्षयाचे जंतू तेलात मिसळून जनावरांना टोचत. त्यातला कामाचा सगळ्यात लहान भाग हाच तुकडा, हे १९७४ ला कळलं. नॉड-२ तो ओळखतो हे कळायला २००३ उजाडलं. ही वीण तोडणारं लायसोझाइम तुमच्या अश्रूंत आणि लाळेत आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. सहा शेपट्या लक्षात ठेवा म्हणालो होतो. आतड्यात दाटीनं राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस जंतूंच्या लिपिड-ए ला चार-पाचच शेपट्या असतात. खोबणीत सगळ्या मावतात, बाहेर डोकावणारी उरत नाही, डबा धड वाजत नाही. शिवाय आतड्याच्या अस्तरावर चिकट थर असतो, तिथलं एक एन्झाइम लिपिड-ए चं फॉस्फेट काढून टाकतं, आणि तरी पुढे निसटलंच तर यकृतातल्या कुप्फर पेशी उचलतात. शेपट्यांची हीच युक्ती प्लेगच्या जंतूनं वाईट कामासाठी वापरली. पिसवेच्या गार अंगात तो सहा शेपट्यांचं बूड बनवतो, माणसाच्या ३७ अंशाला चार शेपट्यांचं. म्हणून तो आत शिरला तरी सुरुवातीला डबा वाजतच नाही.

वाटसरू_बीड

मग आमच्याकडे म्हणतात ते खरं का, की शेणामातीत वाढलेलं पोर काटक? की जिनिंगसारखंच तेही वाईट?

सूक्ष्मदर्शी

इथं मला जपून बोलावं लागेल. अमेरिकेत अमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत, मूळ सारखंच. अमिश घरालगतच्या गोठ्यात गाई पाळतात, हटराइटांची शेती यंत्रांची आणि गोठे लांब. २०१६ च्या अभ्यासात अमिशांच्या घरच्या धुळीत एंडोटॉक्सिन ६.८ पट जास्त आढळलं, आणि त्यांच्या मुलांत दमा हटराइटांच्या साधारण चौथा हिस्सा. पण ती बाळपणापासूनची, थोडी-थोडी, गोठ्यातल्या अनेक गोष्टींसह मिळणारी धूळ. पंचविसाव्या वर्षी बंद शेडमध्ये आठ तास भुकटी हुंगणं ही वेगळी गोष्ट. एकावरून दुसऱ्याचं समर्थन करू नये, आणि मुकादमानं तर मुळीच करू नये.

रेचा_मानवत

मावशीला परवा परभणीला छातीच्या डॉक्टरांकडे नेतोय. तिच्या कामाच्या वर्षांचा कागद मी स्वतः हजेरीबुकातून काढलाय, सोळापैकी अकरा हंगामांच्या नोंदी सापडल्या. आणि सर, नव्या बायांनी तोंडाला साधं फडकं बांधलं तर चालेल का?

सूक्ष्मदर्शी

साध्या फडक्यानं मोठी रुई अडते, बारीक भुकटी नाही. बारीक भुकटीच खोल जाते. एन-९५ मास्क हवा, तो नाकाशी घट्ट बसायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे रेच्यावर धूळ ओढणारा पंखा आणि तो रोज साफ करणं. मालकाशी बोलताना पंख्यापासून सुरुवात करा, मास्कपासून नको. मास्क दिले की पंख्याचं बोलणं तिथंच थांबतं. हजेरीबुकाचं काम फार चांगलं केलंत. उरलेली पाच वर्षं तिच्याबरोबर काम केलेल्या बायांकडून लिहून घेता आली तर बघा.

मोसंबी_अंबड

ताजी खबर. लघवीचं दुसरं कल्चर आलं, जंतूची वाढ नाही. काल इंजेक्शनं संपली. थोरल्या भावानं हा सगळा धागा वाचला आणि मला म्हणला, "त्या डॉक्टरबाईला फोन लाव, मला बोलायचंय." दोघं दहा मिनिटं बोलले, काय ते मला सांगितलं नाही.

दादा आज सकाळी काठी टेकत बागेत चक्कर मारून आले. पानं थोडी पिवळी पडलीत, ताण बसतोय म्हणाले, पाणी इतक्यात सोडू नका. येताना विहिरीवर थांबून भरपूर पाणी प्यायले, डॉक्टरांनी सांगितलंय तसं. आईनं वाकळा धुवून वाळत घातल्यात.